नवस, साखर आणि प्रायश्चित्तकाळ: वसईतल्या एका घराचं प्रकरण

(ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

पार्श्वभूमी

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातलं कॅथलिक कुटुंब. घरात ६६ वर्षांच्या आई, थोरला मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं. धाकटा मुलगा आणि त्याची बायको नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये राहतात. वडील वारल्यावर वाडीच्या वाटणीवरून भावाभावांत बिनसलं. गेली तीन वर्षं दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. धाकटा आईला फोन करतो, पण घराची पायरी चढत नाही. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, दोघे वेगवेगळ्या वेळी जातात.

आईंना १४ वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब. ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी दिवसातून दोनदा, सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी. रक्तदाबासाठी अॅटेनोलॉल. गोळ्यांच्या बाबतीत त्या अतिशय काटेकोर. "काही झालं तरी गोळी चुकवायची नाही" हे डॉक्टरांचं वाक्य त्यांना पाठ होतं आणि त्या ते पाळत होत्या.

पहाटे त्या वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडतात. कळी उमलायच्या आत खुडून दादरच्या बाजारात पोचवावी लागते, म्हणून पहाटे पाच-सव्वापाचलाच काम सुरू होतं. मोगऱ्याचा हंगाम आणि प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ, साधारण एकाच सुमारास येतात. या प्रकरणात हा योगायोग महत्त्वाचा ठरला.

नेमकं काय घडलं

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवसापासून, आईंनी दिवसातून एकच जेवण घ्यायला सुरुवात केली, तेही दुपारी तीनला, ख्रिस्ताच्या मरणाच्या वेळी. सकाळी बिनसाखरेचा कोरा चहा. रात्री काही नाही. गोळ्या मात्र दोन्ही वेळेला, ठरलेल्या वेळी.

घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलगा सकाळच्या लोकलने जातो, सून शाळेत शिक्षिका, तीही पावणेसातला बाहेर पडते. रात्री आई म्हणायच्या, "मी दुपारी उशिरा जेवले, भूक नाही." रविवारी सगळे एकत्र जेवतात आणि रविवार उपवासाच्या चाळीस दिवसांत धरला जात नाही, म्हणून त्या दिवशी त्या सर्वांसोबत पोटभर जेवायच्या. ज्या एका दिवशी घरच्यांची नजर त्यांच्या ताटावर असायची, नेमका तोच दिवस उपवासाचा नव्हता.

त्या जाणूनबुजून लपवत होत्या, पण त्यात लबाडी नव्हती. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की उपवास लोकांना दाखवण्यासाठी करू नये, तोंड धुवावं, डोक्याला तेल लावावं आणि तो फक्त पित्याला कळावा. आईंनी ते शब्दशः घेतलं होतं. पुढे घरच्यांनी "आम्हाला फसवलंस" असा ठपका ठेवला तेव्हा त्या एवढ्या दुखावल्या, त्याचं मूळ इथे आहे.

तिसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी पहाटे सहाच्या सुमारास त्या वाडीत खाली बसलेल्या सापडल्या. अंगावरची साडी घामाने चिंब, बोलणं अडखळत, सुनेला त्या ओळखेनात. शेजाऱ्याला वाटलं लकवा मारला. दुसऱ्या कुणीतरी "बीपी लो झालं असेल" म्हणून मिठाचं पाणी पाजलं. सुनेने ग्लुकोमीटर काढला, तर पट्ट्यांची मुदत कधीच उलटलेली. रिक्षा मिळून रुग्णालयात पोचेपर्यंत अर्धा तास गेला. तिथे साखर निघाली ४८, म्हणजे ७० या धोक्याच्या रेषेच्या बरीच खाली. शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) दिल्यावर काही मिनिटांत त्या भानावर आल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कळ्या कुणी खुडल्या?

असं का झालं

आदल्या दुपारी तीनला जेवण, रात्री आठला गोळी, पहाटे कष्टाचं काम. पोट पंधरा तास रिकामं. मेटफॉर्मिन एकट्याने साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेऊ शकतं, कारण खाल्लं आहे की नाही याची वाट न पाहता ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. दोन्ही औषधं एकाच गोळीत असल्यामुळे यातलं एक घे, एक सोड असंही करता येत नव्हतं.

तपासणीत आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. क्रिएटिनिन १.४, म्हणजे मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता साधारण ४१ पर्यंत उतरलेली. अशा शरीरात औषध जास्त काळ रेंगाळतं. म्हणूनच साखर एकदा वर आल्यावरही डॉक्टरांनी त्यांना २४ तास ठेवून घेतलं, कारण ग्लिमेपिराइडमुळे ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते. दुसरी गोष्ट अॅटेनोलॉलची. साखर उतरताना छातीत धडधड, हातांना कंप अशा ज्या सूचना शरीर देतं, त्या हे औषध दाबून टाकतं. फक्त घाम येत राहतो. पहाटे वाडीत काम करताना घाम आला, तर त्यात कुणाला वावगं वाटणार?

तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी, म्हणजे एचबीए१सी, जानेवारीत ६.४ आली होती आणि घरात सगळे खूश होते. वयस्कर माणसाला अशी गोळी चालू असताना एवढा कमी आकडा आला, तर साखर मधूनमधून फार खाली जात नाही ना, हे तपासायला हवं. सरासरीत खड्डे दिसत नाहीत.

घरातला पेच

घरी आल्यावर थोरल्या मुलाने मुलांसमोरच सुनावलं, "आई, आता बास. ही अंधश्रद्धा आहे. उद्यापासून तीन वेळा जेवायचं, मी गोळ्या माझ्या हाताने देणार." आई काही बोलल्या नाहीत.

चार दिवसांनी सुनेच्या लक्षात आलं की मागच्या दारी कुत्र्याच्या वाडग्यात अख्खी तांदळाची भाकरी पडली आहे, वर माशाच्या कालवणाचा डाग. सासूबाई ताट घेऊन ओटीवर जेवायला बसायच्या, ते यासाठी. तिने नवऱ्याला लगेच सांगितलं नाही. संध्याकाळी भांडी आवरताना ती एवढंच म्हणाली, "आई, हा उपवास कशासाठी आहे?"

कित्येक दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. बराच वेळ गप्प राहून आईंनी सांगितलं की त्यांनी नवस केला आहे. दोघे भाऊ एका ताटाशी बसावेत म्हणून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस एकवेळ जेवीन, असा शब्द देवाला दिला आहे. तो मोडला आणि पोरं तशीच राहिली, तर दोष कुणाचा?

पुढे असलेले पर्याय

पहिला पर्याय मुलाचा: सक्ती. गोळ्या आपल्या ताब्यात, जेवणावर पहारा. कुत्र्याच्या वाडग्याने त्याची मर्यादा दाखवून दिली होती. ज्या बाईचा प्रश्न देवाला दिलेल्या शब्दाचा आहे, तिच्यापुढे फक्त साखरेचा आकडा ठेवला की ती आकडा मान्य करते आणि शब्दही पाळते, दोन्ही गुपचूप. शिवाय नवसाला अंधश्रद्धा म्हणणं चर्चच्या शिकवणीप्रमाणेही चूक आहे. कॅनन लॉ, म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा, नवसाला देवाला विचारपूर्वक आणि मोकळेपणी दिलेलं वचन मानतो, आणि ते पाळावं असंच सांगतो. आईंना तो बंधनकारक वाटत होता, तो त्यांचा भ्रम नव्हता.

दुसरा पर्याय डॉक्टरांपुढे मांडला गेला: औषधं बदलून उपवास चालू ठेवायचा. हे अशक्य नसतं. रमजानसाठी मधुमेहाच्या डॉक्टरांनी व्यवस्थित मार्गदर्शन तयार केलं आहे. रुग्णाला किती धोका आहे ते आधी ठरवायचं, गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलायची, उपवासातही साखर मोजायची, ती ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर उपवास तिथेच सोडायचा. हीच पद्धत प्रायश्चित्तकाळालाही लागू करता येते. पण आईंचं वय, मूत्रपिंडांची अवस्था आणि नुकताच येऊन गेलेला गंभीर प्रसंग पाहता डॉक्टरांनी या वर्षी साफ नकार दिला. तब्येत चांगली असलेल्या, फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्या पन्नाशीतल्या माणसाला कदाचित वेगळं उत्तर मिळालं असतं.

तिसरा पर्याय: "उपवासाचा नियम तुम्हाला लागूच नाही" हे पटवून देणं. ते खरंच आहे. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे उपवास बंधनकारक आहे तो फक्त राखेच्या बुधवारी आणि पवित्र शुक्रवारी (गुड फ्रायडे), आणि तोही १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंतच्या माणसांना. त्या दोन दिवशीही एक पूर्ण जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडं खाणं चालतं. आजारी माणसाला तर सूट आहेच. सुनेने हे सांगून पाहिलं. आईंचं उत्तर बिनतोड होतं: "मी नियम म्हणून नाही करत. मी बोललेय." नियमातून मिळालेल्या सुटीने नवस सुटत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूटच हवी असेल तर ती नवसातूनच मिळायला हवी होती.

त्यातून चौथा पर्याय निघाला: धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) प्रमुख धर्मगुरूंकडे जाणं. खाजगी नवसातून रास्त कारणासाठी मोकळं करण्याचा अधिकार प्रमुख धर्मगुरूंना आहे (कॅनन ११९६). आणि नवस करणारी व्यक्ती स्वतःही तो तितक्याच किंवा अधिक चांगल्या कृतीत बदलू शकते (कॅनन ११९७). त्याहून कमी प्रतीच्या कृतीत बदलायचा असेल तरच अधिकार असलेल्याची संमती लागते. ही तरतूद अनेक भाविकांना ठाऊकच नसते. त्यामुळे आपल्यापुढे पाळणं आणि मोडणं एवढ्या दोनच वाटा आहेत असं त्यांना वाटत राहतं.

काय केलं गेलं

सुरुवात चुकीच्या बाजूने झाली. थोरल्याने फादरांना फोन करून सांगितलं, "तुम्ही तिला दम द्या, तुमचं ऐकेल." फादरांनी नकार दिला. आईंना हवं असेल तर मी घरी येईन, आणि येईन तो त्यांचं ऐकायला, असं त्यांनी सांगितलं. हा नकार फार मोलाचा होता. धर्मगुरू जर मुलाच्या बाजूने आले आहेत असं आईंना वाटलं असतं, तर शेवटचं दारही बंद झालं असतं.

रुग्णभेटीला आल्यावर फादर ओटीवर बसले. आईंनी पापनिवेदन (कन्फेशन) करायची इच्छा सांगितली. ते त्यांनी घेतलं, पण नवसाचं बोलणं मुद्दाम त्यानंतर, सुनेच्या उपस्थितीत वेगळं केलं. कारण व्यावहारिक आहे: पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरू कुणाशीही बोलू शकत नाहीत, आणि या निर्णयाची माहिती घरच्यांना असणं गरजेचं होतं.

त्यांनी विचारलं ते एवढंच. नेमके काय शब्द बोललात? ते बोलताना आजाराचा विचार मनात होता का? आणि या नवसातली कुठली गोष्ट तुम्हाला सोडायची नाही? तिसऱ्या प्रश्नाला आई म्हणाल्या, "पोरांसाठी मी काहीतरी सोसतेय, हे देवाला दिसलं पाहिजे."

मग त्यांनी बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा ५८ वा अध्याय काढला. भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं हाच मला आवडणारा उपवास, असं देव तिथे म्हणतो. फादरांनी स्वतः काही सुचवलं नाही. तोडगा आईंनीच काढला. आळीत एक म्हातारी अंथरुणाला खिळून आहे. तिच्या सुनेशी आईंचं जुनं भांडण. तिच्याकडे रोज दुपारी डबा न्यायचा आणि तिच्या शेजारी बसून दोघींनी जेवायचं. शिवाय ईस्टरपर्यंत संध्याकाळच्या मालिका बंद, त्या वेळात रोझरी (माळेची प्रार्थना). डबा नेण्यासाठी त्या घरात पाऊल टाकायचं म्हणजे आधी आपलं भांडण गिळायचं होतं. उपाशी राहण्यापेक्षा हे जड आहे, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

फादरांनी जुन्या नवसातून मोकळं केल्याचं स्पष्ट शब्दांत सांगितलं आणि आईंच्या विनंतीवरून दोन ओळी कागदावर लिहून सही केली. तो कागद आईंनी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला. लेखी देण्याची सक्ती कुठेच नाही, पण रात्री दोन वाजता शंका खाऊ लागली की हातात धरायला काहीतरी लागतं.

एकत्र गोळी डॉक्टरांनी रुग्णालयातून सोडतानाच बंद केली होती. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. सोबत लिनाग्लिप्टिन ५ मिलिग्रॅम, हेही मधुमेहाचंच औषध, ज्याची मात्रा मूत्रपिंडांमुळे बदलावी लागत नाही. अॅटेनोलॉलच्या जागी अम्लोडिपिन. हा बदल या रुग्णासाठी होता. वाचून आपल्या गोळ्या बदलू नयेत.

सुनेने घरात एक कागद चिकटवला. साखर ७० च्या खाली, किंवा अचानक घाम, गोंधळ, असंबद्ध बोलणं: शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की भाकरी किंवा बिस्किटं. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मिठाचं पाणी नको. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट रुग्णालय. मीटर चालत नसेल तर मोजण्यासाठी थांबायचं नाही, साखर द्यायची. पट्ट्यांच्या डबीवर उघडल्याची तारीख लिहायची, कारण डबी उघडल्यावर त्या छापील मुदतीच्या आधीही खराब होऊ शकतात. आणि वाडीत जाण्याआधी एक केळं किंवा दोन बटर खायचे, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायची.

परिणाम

ईस्टरपर्यंत साखर ७० च्या खाली गेल्याची नोंद नाही. सकाळची उपाशीपोटी साखर ११० ते १५० च्या दरम्यान राहिली, ती डॉक्टरांना या वयात मान्य होती. पवित्र शुक्रवारी आईंनी उपवासाचा हट्ट धरला नाही. पेज, दुपारचं जेवण आणि रात्री थोडा भात घेतला आणि क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला बसून राहिल्या. डबा ईस्टरनंतरही सुरू आहे, आठवड्यातून तीनदा.

भावांचं काय? नवस कशासाठी होता हे धाकट्याला त्याच्या बायकोकडून कळलं. सुनेने जावेला फोन केला होता. तो ईस्टरच्या दुपारी आला, आईशेजारी बसून जेवला, थोरल्याशी एक-दोन वाक्यं बोलला आणि लवकर निघाला. वाटणीचा प्रश्न तसाच आहे. आईंच्या तपासणीला मात्र आता दोघे आळीपाळीने नेतात. देवाने ऐकलं की नाही, हे आई कुणाशी बोलत नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

जानेवारीच्या तपासणीत "येत्या महिन्यात उपवास करणार आहात का?" एवढा प्रश्न पुरला असता. रमजानच्या आधी मुस्लिम रुग्णांशी हे बोलणं व्हायला हवं हे डॉक्टरांना ठाऊक असतं, ख्रिस्ती रुग्णाच्या बाबतीत ते सहज निसटतं. डॉक्टरांनी विचारलं नाही तर घरच्यांनी काढायला हवं. "गोळी चुकवू नका" या सूचनेला "पण जेवण नसेल तर ही गोळी घेऊ नका, मला फोन करा" ही जोड हवीच.

धर्मग्रामात राखेच्या बुधवारआधीच्या रविवारी उपवासाचे नियम वाचून दाखवतात. त्यातच वयाची अट, आजाऱ्यांची सूट आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना भेटावं हे वाक्य घातलं, तर दोन मिनिटं जास्त लागतील. नवस बदलता येतो हेही तिथेच सांगावं.

थोरल्याने मुलांसमोर आईला सुनावलं, त्याची किंमत पुढचे चार दिवस धोक्यात काढून मोजावी लागली. रुग्णालयातून घरी आल्याच्या रात्री जर "कशासाठी?" हा प्रश्न विचारला गेला असता तर वाडग्यापर्यंत गोष्ट गेली नसती. एका बाबतीत सुनेचा निर्णयही तपासून पाहावा लागतो: वाडगा दिसल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं नाही, हे नातं राखायला बरोबर होतं, पण डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायला हवं होतं. नवी औषधं कमी धोक्याची होती म्हणून निभावलं.

पुढच्या प्रायश्चित्तकाळासाठी घराने ठरवलेला क्रम असा: जानेवारीत क्रिएटिनिन आणि एचबीए१सी, नव्या पट्ट्यांची डबी, डॉक्टरांशी बोलणं, आणि राखेच्या बुधवारआधी प्रत्येकाने आपण काय सोडणार आहोत ते घरातल्या एका तरी माणसाला सांगणं. आईंनी त्यासाठी सुनेची निवड केली आहे.